घरच्या कडुनिंबाच्या फांद्या काढायच्या आहेत, परवानगी कशी मागायची? (लक्ष्मीनगर, नागपूर)

अंगणवाट | ९ मार्च २०२५, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. वाचते नेहमी, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमचं घर लक्ष्मीनगरच्या एका जुन्या लेआउटमध्ये आहे. सासऱ्यांनी १९७४ साली बांधलं. मागच्या आवारात त्यांनीच लावलेला कडुनिंब आहे. आता बुंधा माझ्या कवेत मावत नाही. मे महिन्यात समोरच्या खोल्या भट्टीसारख्या तापतात, तेव्हा मागच्या खिडकीला कूलर लावून आम्ही सगळे त्याच एका खोलीत गाद्या टाकतो. ती खोली थंड राहते ती या झाडामुळे.

शेजारच्या काकाजींची तक्रार आहे. एक मोठी फांदी त्यांच्या टिनाच्या शेडवर गेली आहे आणि वारा सुटला की टिनावर घासते. शिवाय आमच्या मधल्या वॉल कंपाऊंडला तिरपी भेग पडली आहे, ती मुळांमुळे पडली असं त्यांचं म्हणणं. आणि आता त्यांना सूर्यघर योजनेतून तीन किलोवॉटचं सोलार बसवायचं आहे, ७८ हजार अनुदान मिळतं, तर सावली नको. काकाजी माणूस चांगला आहे. माझ्या मुलाला शाळेत सोडायला कित्येकदा तेच गेले आहेत. त्यामुळे वाद घालायचा नाहीये.

काल ते एका लाकूडवाल्याला घेऊन आले. तो म्हणाला, आठ हजार द्या, रविवारी पहाटे येतो, दोन तासांत आडवं करतो, लाकूड माझं. काकाजी आठ हजार स्वतः द्यायला तयार आहेत. यजमान म्हणतात, झाड आपल्या जागेत आहे, निर्णय आपला. मला फक्त ती एक फांदी काढायची आहे, झाड ठेवायचं आहे. नेमकं कुठे जायचं, काय लिहायचं?

---

जुनी_फाईल | ९ मार्च, रात्री ११:४०

ताई, आधी त्या रविवारच्या माणसाला नाही म्हणून कळवा. बाकीचं सावकाश बोलू.

मी विदर्भातल्या एका नगरपालिकेच्या उद्यान विभागात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. रविवारी पहाटे पाडलेली झाडं फार पाहिली. सोमवारी पंचनाम्याला जावं तर बुडख्यावर माती लोटून वर तुळशीची कुंडी ठेवलेली असायची. कुंडी उचलली की खालचा भुसा ओलाच असायचा.

यजमानांना सांगा की जागा आपली म्हणून निर्णय आपला, असं या कायद्यात नाही. कायद्याचं नाव महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्याचं कलम ८ सांगतं की जमीन स्वतःच्या मालकीची असो की दुसऱ्याची, शहराच्या हद्दीतलं झाड आधी परवानगी घेतल्याशिवाय तोडायचं नाही. आणि तोडणं म्हणजे फक्त बुंधा आडवा करणं नाही. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं, हे सगळं त्या शब्दात येतं. बुंध्याची साल गोल काढून झाड वाळवणारे आणि मुळाशी ॲसिड ओतणारे लोक समजतात की आपण तोडलं नाही. त्यांनीही तोडलंच. पूर्वी दंड काही हजारांत होता, २०२१ च्या दुरुस्तीने तो झाडामागे एक लाखापर्यंत गेला.

आता तुमचा प्रश्न. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याच्या नावाने करायचा. तुमचं घर लक्ष्मीनगर झोनमध्ये येतं, महापालिकेच्या उद्यान विभागाचा रस्ता तिथूनच सुरू होतो. पण अर्ज लिहिण्याआधी एक गोष्ट ठरवा. लोक लिहितात, "आमच्या आवारातील झाडाबाबत योग्य ती कार्यवाही करावी." या वाक्यावरून अधिकाऱ्याने काय समजायचं? तोडणी हवी की छाटणी? कोणती फांदी? कशासाठी? मग फाईल तोडणीच्या वाटेला लागते, आणि ती वाट लांब आहे. वृक्ष अधिकारी पाहणी करतो, वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, झाडावर नोटीस लागते, लोकांच्या हरकती येतात, मग वृक्ष प्राधिकरणापुढे विषय जातो. परवानगी मिळाली तरी पंधरा दिवस झाडाला हात लावायचा नाही. एका फांदीसाठी एवढं सगळं कशाला ओढवून घ्यायचं?

तुम्हाला फांदी काढायची आहे ना, मग अर्जात फांदीच मागा.

---

दुपारची_झळ | १० मार्च, सकाळी ७:५५

पण शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत आली तर आपण आपल्या हद्दीपर्यंत तोडू शकतो नं? आमच्याकडे सगळे असंच करून राहिले. काकाजी स्वतःच्या बाजूने तोडतील तर ताईंचा काय संबंध?

---

धंतोलीचा_कोट | १० मार्च, सकाळी ९:२०

वकिली करतो म्हणून लिहितो. दोन शेजाऱ्यांमधल्या दिवाणी वादात, हद्द ओलांडून आलेल्या फांदीचा उपद्रव दूर करण्याचा हक्क मानला जातो. पण कलम ८ ची सुरुवातच अशी आहे की कोणतीही रूढी, वहिवाट, करार किंवा दुसरा कायदा काहीही सांगो, परवानगीशिवाय झाड तोडता येणार नाही. त्यामुळे "फांदी माझ्या हवेत होती" हे ताईंना सांगून चालेल, वृक्ष अधिकाऱ्याला सांगून चालणार नाही. काकाजींनी आपल्या गच्चीवरून कोयता चालवला तरी जबाबदारी येणारच.

एक सूचना. अर्जावर झाडमालक म्हणून तुमची सही आणि सोबत काकाजींचं संमतिपत्र द्या. मजूर त्यांच्या शेडवर चढणार आहेत, त्यासाठी ते लागेलच. आणि दोन्ही घरांनी एकाच कागदावर सह्या केल्या की पुढची दहा वर्षं हा विषय भांडणाचा राहत नाही.

---

काळीमाती | १० मार्च, दुपारी १:०५

अंगणवाट, भेगेबद्दल थोडं विचारतो, सिव्हिलचा माणूस आहे.

नागपुरात भिंतीला भेग पडली की पहिला आरोप झाडावर येतो. पण आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर दीड-दोन फूट पाया घेतलेलं वॉल कंपाऊंड वर-खाली होत राहतं. झाड दूर असलेल्या भिंतीही तडकतात. झाडाचा काहीच हात नसतो असं मी म्हणणार नाही, मुळं पाणी ओढतात म्हणून बुंध्याजवळची माती उन्हाळ्यात जास्त आकसते. मात्र ते ओळखता येतं. भेग पावसाळ्यात मिटते आणि एप्रिल-मेमध्ये उघडते का? असेल तर ती मातीची. मुळाने भिंत उचलली असेल तर भिंतीला पोट येतं, फरशी उचकटते, आणि जमिनीलगत दोन विटा काढल्या की जाड मूळ समोर दिसतं.

भेगेवर पेन्सिलने आडवी रेघ मारा, बाजूला तारीख आणि भेगेची रुंदी लिहा. दर महिन्याला मोजा.

आणि दुसरं, झाड काकाजींच्या घराच्या कोणत्या दिशेला आहे?

---

अंगणवाट | १० मार्च, दुपारी ३:३०

सगळ्यांचे आभार. लाकूडवाल्याला नाही म्हणून कळवलं. यजमानांनी कलम ८ चं वाचल्यावर काही बोलले नाहीत, पण जुन्या फायली काढून बसले आहेत.

झाड काकाजींच्या घराच्या उत्तरेला आहे. आमचं घर उत्तरेला, त्यांचं दक्षिणेला.

---

काळीमाती | १० मार्च, दुपारी ४:१०

मग सोलारची अडचण जवळजवळ नाहीच. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. वर्षातला बहुतेक काळ भर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, सावली उत्तरेला पडते. डिसेंबरच्या शेवटी दुपारी सूर्य साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे झाड जेवढं उंच तेवढी लांब सावली, आणि ती तुमच्या अंगणात, काकाजींच्या गच्चीवर नाही. मेच्या अखेरीस आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा दुपारी सावली पायाखालीच. उन्हाळ्याच्या त्या थोड्या दिवसांत सकाळी-संध्याकाळी जी काय तिरपी सावली पडेल तेवढीच. पॅनेल गच्चीच्या दक्षिण अर्ध्या भागात, दक्षिणेकडे कलते बसवा. बसवणाऱ्याला सावलीचा नकाशा मागा, ते काढून देतात.

---

पाऊसफुटी | ११ मार्च, सकाळी ८:४५

सगळे झाडाच्या बाजूनेच बोलून राहिले, म्हणून मी दुसरी बाजू लिहितो. कृपया गैरसमज नको.

आमच्या घरासमोरचा गुलमोहर मे महिन्यातल्या वादळात पडला होता. संध्याकाळी पाच वाजता आभाळ एकदम लाल झालं, धूळ उठली आणि दहा मिनिटांत झाड आमच्या फाटकावर. आई दोन मिनिटं आधी फाटक लावून आत आली होती. आजही वारा सुटला की ती समोरच्या खोलीत बसत नाही. त्यामुळे शेजाऱ्याला भीती वाटत असेल तर ती खोटी समजू नका. परवानगीची वाट पाहता पाहता झाड पडलं तर कोण उत्तर देणार?

---

जुनी_फाईल | ११ मार्च, सकाळी ११:३०

पाऊसफुटी, तुमचं म्हणणं रास्त आहे. तुमच्या आईंना जे वाटतं त्याला कोणत्याही कलमाने उत्तर देता येत नाही.

म्हणूनच कायद्यात त्याचीही सोय आहे. झाड मेलेलं, रोगट किंवा वाऱ्याने पडलेलं असेल, जिवाला-मालमत्तेला धोका असेल, वाहतुकीला अडथळा असेल, तर परवानगी नाकारायची नाही असंच त्यात लिहिलं आहे. फक्त तो धोका डोळ्यांना दाखवावा लागतो. काय बघायचं ते सांगतो. बुंध्याच्या तळाशी, मातीला लागून, कानाच्या आकाराची कडक बुरशी उगवली आहे का? ती असेल तर आतलं लाकूड कुजतंय. झाड ज्या बाजूला कलतं त्याच्या उलट बाजूची जमीन उचलली आहे का, तिथे ताजी भेग आहे का? दोन जाड फांद्या जिथे फुटतात त्या बेचक्यात साल आत दबली आहे का? लाकडी दांड्याने बुंधा ठोका, ढोलासारखा आवाज येतो का? हे दिसलं तर फोटो काढून अर्जात "तातडीची पाहणी" मागा. वादळात झाड पडलंच तर १०१ वर अग्निशमनला फोन करा. तारेत फांदी अडकली असेल तर आधी महावितरणला कळवा आणि लाइन बंद झाल्याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नका.

गुलमोहर आणि कडुनिंब यांतही फरक आहे. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. त्यात बुंध्याभोवती काँक्रीट ओतलेलं असेल तर झाड आतून उपाशी राहतं. दिल्लीत २०१३ साली हरित लवादाने झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं ते यासाठीच. तुमच्या त्या गुलमोहराभोवती गट्टू (सिमेंटचे ठोकळे) होते का?

---

पाऊसफुटी | ११ मार्च, दुपारी १२:१५

होते. बुंध्याला चिकटून. रस्ता झाला त्याच वर्षी लावले होते. मी हा संबंध कधी जोडला नव्हता.

---

गोरेवाडा_वाट | ११ मार्च, रात्री ९:००

अंगणवाट, अर्ज लवकर करा, कारण मार्च-एप्रिलमध्ये पाखरं बसतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी मोडणंही येतं. परवानगीचं पत्र हातात असलं तरी फांदीवर पिल्लं असताना करवत लावायची नाही.

दुसरं, झाडाचं वय शोधून ठेवा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं वा त्याहून जुनं झाड "वारसा वृक्ष" मानलं जातं. आणि तोडायची परवानगी मिळालीच, तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, तीही किमान सहा फुटांची, आणि सात वर्षं जगवायची. काकाजींना हे शांतपणे सांगा. आठ हजारांत हे होणार नाही.

इथल्या अजनी वनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला त्या वेळी आम्ही हरकती लिहायला बसलो, तेव्हापासून मी झाडांवरच्या नोटिसा वाचतो. चालता चालता थांबून वाचतो. तुम्हीही वाचत जा. हरकतीची मुदत त्या कागदावरच लिहिलेली असते आणि ती संपली की फार कमी गोष्टी हातात उरतात.

---

अंगणवाट | १३ मार्च, रात्री १०:५०

वय सापडलं! यजमानांच्या फायलीतून १९७८ च्या दिवाळीचा फोटो निघाला. मागच्या आवारात सासूबाई पणत्या घेऊन बसल्या आहेत, मागे कडुनिंब, त्यांच्या मागच्या भिंतीपेक्षा थोडा उंच. बुंधा मनगटाएवढा. म्हणजे १९७५-७६ चा असावा. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे.

तो फोटो घेऊन मी काकाजींकडे गेले. त्यांनी बराच वेळ पाहिला. फोटोच्या कडेला वॉल कंपाऊंडवर कोपर टेकून उभा असलेला मुलगा त्यांचा धाकटा भाऊ निघाला, जो आता नाही. मग म्हणाले, फांदीचं बघ, झाडाचं राहू दे.

अर्जाचा मसुदा खाली देते, चुका सांगा:

"विषय: घराच्या मागील आवारातील कडुनिंबाच्या एका फांदीची छाटणी करण्यास परवानगी मिळण्याबाबत. सदर झाड आमच्या मालकीच्या भूखंडात असून त्याचा छातीच्या उंचीवरील घेर १९० सेंमी आहे. झाड निरोगी आहे. झाड तोडण्याची आमची मागणी नाही. बुंध्यावर सुमारे ३.५ मीटर उंचीवरून दक्षिणेकडे गेलेली एक फांदी (घेर ५८ सेंमी) शेजारील टिनाच्या शेडवर टेकली असून वाऱ्याने घासते. तेवढीच फांदी मुळापासून काढण्याची परवानगी मिळावी. सोबत: जागेचा नकाशा व त्यावर झाडाचे स्थान, फांदीवर खडूने खूण केलेले चार फोटो, मालमत्ता कराची पावती, शेजाऱ्यांचे संमतिपत्र."

---

जुनी_फाईल | १४ मार्च, सकाळी ६:३०

ताई, माझ्या पूर्ण नोकरीत इतका स्वच्छ अर्ज माझ्या टेबलावर फार कमी वेळा आला.

एकच दुरुस्ती. "मुळापासून" काढा. फांदीबद्दल लिहिताना तो शब्द वाचणाऱ्याला झाडाच्या मुळाशी नेईल. "बुंध्याजवळील गळपट्ट्यापासून" लिहा. आणि छातीची उंची म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटर, टेप तिथेच लावला होता ना? दोन प्रती करा, आवक क्रमांक आणि शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय निघू नका. पुढे कागदांची माहिती हवी असली तर माहिती अधिकारातही तो क्रमांकच कामी येतो.

---

दुपारची_झळ | १४ मार्च, सकाळी ८:१०

गळपट्टा म्हणजे काय जी?

---

गोरेवाडा_वाट | १४ मार्च, सकाळी १०:००

फांदी जिथे बुंध्यातून निघते तिथे सालीची एक फुगीर वळी असते, सदऱ्याच्या कॉलरसारखी. तोच गळपट्टा. जखम भरणारी पेशींची वाढ तिथून सुरू होते. फांदी बुंध्याला सपाट घासून कापली तर तो कापला जातो, जखम भरत नाही आणि कूज थेट बुंध्यात शिरते. उलट हातभर खुंट ठेवला तर खुंट वाळतो आणि तोच कुजत आत जातो. गळपट्ट्याच्या जरासं बाहेर कापायचं.

आणि जड फांदी एका कापात काढू नका. आधी बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून खाच घ्यायची, मग तिच्याही थोडं पुढे वरून कापायचं, म्हणजे वजन पडताना बुंध्याची साल सोलत नाही. उरलेला खुंट शेवटी अलगद काढायचा. एका हंगामात झाडाचा पाव भागापेक्षा जास्त हिरवा पसारा कधीच काढू नये.

---

संत्रेवाला_काटोल | १४ मार्च, दुपारी २:२५

कापल्यावर बोर्डो मलम लावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. आम्ही संत्र्याच्या खोडाले दरवर्षी लावतो.

माझाही एक प्रश्न. धुऱ्यावर सागाची चार झाडं आहेत, घरचीच. विकायची आहेत. तालुक्यालेही हाच कायदा आहे का?

---

जुनी_फाईल | १४ मार्च, सायंकाळी ५:४०

भाऊ, शेतातल्या झाडांना वेगळा कायदा, १९६४ चा वृक्षतोड विनियमनाचा. त्यात झाडांची अनुसूची आहे. साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, फणस, चंदन, खैर, हिरडा, ऐन, हळदू अशी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, शेत तुमचं असलं तरी. तलाठ्याकडून सातबारा घ्या, त्यावर झाडांची नोंद आहे का बघा आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. सागाचं लाकूड हलवायला वाहतुकीचा पासही लागतो. व्यापारी म्हणेल मी सगळं करतो. कागद मात्र तुमच्या नावाने असतात, तेव्हा सही करण्याआधी स्वतः वाचा.

कडुनिंबाला मलम लागणार नाही. संत्र्यावर डिंक्या येतो म्हणून तुम्ही लावता ते बरोबरच. निरोगी कडुनिंबाची स्वच्छ कापलेली जखम उघडी ठेवलेली बरी. डांबर, ऑइलपेंट तर अजिबात नको, त्याखाली ओल धरून राहते.

---

धंतोलीचा_कोट | १५ मार्च, सकाळी ९:४५

थोडं अवांतर, पण काकाजींसारख्यांना दाखवण्यासारखं. पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी झाडं तोडायच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये झाडाची किंमत काढली होती. वर्षाला ७४,५०० रुपये, गुणिले झाडाचं वय. त्यातले ४५,००० नुसत्या प्राणवायूचे. ही रक्कम कोणी तुमच्याकडून मागणार नाही. पण लाकूडवाल्याच्या हिशेबात याच झाडाची किंमत उणे आठ हजार होती.

---

अंगणवाट | १९ एप्रिल, रात्री ९:३०

बरेच दिवसांनी आले. कळवायचं राहिलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाहणी झाली. निरीक्षक आले, आधी बुंध्याभोवती एक फेरी मारली, मग कोयत्याच्या मुठीने चार बाजूंनी ठोकून कान लावून ऐकलं. आवाज भरीव होता. मुलाने विचारलं, काय ऐकता? त्यांनी त्यालाच मूठ दिली आणि आधी झाडावर, मग आमच्या पोकळ दारावर ठोकायला लावलं. दोन आवाजांतला फरक त्याला लगेच कळला. आता तो रस्त्यावरची सगळी झाडं ठोकत शाळेत जातो.

परवा पत्र मिळालं. तेवढीच एक फांदी, आमच्या खर्चाने, महिनाभराच्या मुदतीत.

पण काल काम ठरवायला काकाजींच्या जिन्यावर चढले तर त्याच फांदीच्या बेचक्यात होल्याचं घरटं. चार काड्यांचं, खालून आरपार दिसतं असं. दोन पांढरी अंडी. आता?

---

गोरेवाडा_वाट | १९ एप्रिल, रात्री १०:०५

थांबा. होल्याची अंडी दोन आठवड्यांत उबतात आणि पुढच्या दोन आठवड्यांत पिल्लं उडतात. मुदत संपण्याआधी वाढीव मुदतीचा अर्ज द्या, कारण लिहा, फोटो जोडा. तोवर फांदी टिनावर घासू नये म्हणून मध्ये जुनं पोतं किंवा टायरचा तुकडा सरकवता येईल का बघा, पण घरट्यापासून दूर.

---

अंगणवाट | २५ मे, सकाळी ११:१५

काम झालं. मुदत वाढवून मिळाली होती.

मधले दिवस काकाजींनीच पहारा ठेवला. रोज सकाळी चहाचा कप घेऊन जिन्यावर बसायचे. मांजर शेडवर येऊ नये म्हणून टिनाच्या कडेला काटेरी बोरीची फांदी त्यांनीच बांधली. मेच्या पहिल्या आठवड्यात वादळ झालं त्या रात्री सव्वा अकराला त्यांचा फोन आला, "बसली आहे अजून, मी टॉर्चने पाहिलं." १२ तारखेला दोन्ही पिल्लं उडाली. तरी आणखी आठवडा थांबलो.

परवा सकाळी सहाला काम सुरू केलं, उन्हाच्या आत. माणूस नीट शोधला, दोराने फांदी बांधून हळूहळू खाली सोडणारा. त्याला गळपट्टा दाखवायची वेळच आली नाही, त्याने स्वतःच बोट ठेवून "इथून घेतो" म्हटलं. खालून खाच, पुढे वरून काप, "कट्ट" असा एक आवाज, आणि फांदी दोरावर लोंबत टिनाला न लागता उतरली. शेवटचा खुंट कापला तेव्हा आवारात कडुनिंबाच्या ओल्या लाकडाचा कडवट-गोड वास पसरला. कापाचा पृष्ठभाग बशीएवढा, पिवळसर, मधोमध तांबडा. साल कुठेही सोलली नाही.

सोलारची पॅनेलं दक्षिणेकडे बसली. काळीमाती, तुम्ही सांगितलेला नकाशा काकाजींनी मागून घेतला होता. आणि भेग: १० मार्चला ४ मिमी, मेमध्ये ७ मिमी. पावसाळ्यात काय होतं ते लिहीन.

---

काळीमाती | २५ मे, दुपारी १२:४०

सात झाली म्हणजे मातीकडेच बोट जातंय. ऑगस्टमध्ये जरूर मोजा.

---

अंगणवाट | १४ सप्टेंबर, सायंकाळी ६:२०

भेग आज २ मिमी. काकाजींनी स्वतः स्केल लावून मोजली आणि भिंतीवर तारीख टाकली.

फांदी कापली तिथे कडेकडेने सालीची नवी वळी आली आहे, हिरवट-तपकिरी, बांगडीसारखी गोल. तिच्या खाली दोन कोवळे फुटवे निघाले आहेत. ते ठेवायचे की खुडायचे?

---

गोरेवाडा_वाट | १४ सप्टेंबर, रात्री ८:००

ठेवा या वर्षी. वळी बांगडीसारखी गोल आली म्हणजे काप बरोबर बसला. लांबट, बदामाच्या आकाराची आली असती तर गळपट्टा दुखावला असता.

---

पाऊसफुटी | १५ सप्टेंबर, सकाळी ७:३०

आमच्या गल्लीत दोन गुलमोहर उरले आहेत. त्यांच्याभोवतीचे गट्टू काढण्यासाठी आणि एकाच्या वाळलेल्या फांदीसाठी अर्ज करतोय. अंगणवाट ताई, तुमचा मसुदा घेतला तर चालेल का?

---

अंगणवाट | १५ सप्टेंबर, सकाळी ९:०५

घ्या दादा, अगदी शब्दशः घ्या. फक्त "झाड निरोगी आहे" हे वाक्य आधी बुंधा ठोकून, तळाशी बुरशी बघून मगच लिहा. आणि फांदीचा घेर अंदाजाने नको, शिडी लावून टेपने मोजा. आमच्याकडे शिडी आहे, लागली तर घेऊन जा.